विषाणू आणि लस : एकाच थेंबाची दोन नावं

जुलै-ऑगस्टात लालबाग-परळच्या कुठल्याही दवाखान्यात बसा, ‘व्हायरल आहे’ हे कानावर पडतंच. पाठोपाठ पेशंट विचारतो, ‘मग अँटिबायोटिक नाही देत?’ हा प्रश्न जिवाणू आणि विषाणू एकच समजण्यातून येतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. विषाणूंवर त्याची मात्रा चालत नाही.

‘व्हायरस’ मूळचा लॅटिन. विष, चिकट ओशट द्रव असे त्याचे अर्थ. संस्कृतातला ‘विष’ त्याच कुळातला, त्यामुळे ‘विषाणू’ म्हणताना आपण तोच जुना शब्द आपल्या उच्चारात म्हणत असतो. अंगावर पुरळाचा पट्टा उठतो त्या दुखण्याला मराठीत नागीण म्हणतात. तेही विषाणूचंच दुखणं, आणि तिथेही सापाचं विषच आठवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण खरी गंमत ‘लस’ या शब्दात आहे. जखमेतून झिरपतं ते पाणी म्हणजे लस. १४ जून १८०२ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या. भारतातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेनरने १७९८च्या आपल्या पुस्तिकेत फोडातल्या याच द्रवाला ‘व्हायरस’ म्हटलं होतं. पुढे इंग्रजीत तो शब्द रोगाकडे गेला, मराठीत ‘लस’ रोगापासूनच्या संरक्षणाकडे.

‘व्हायरस’ला आजचा अर्थ यायला शतक लागलं. १८९२मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने रोग होतच राहिला. १८९८मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंकने त्या न दिसणाऱ्या कारणाला ‘व्हायरस’ म्हटलं. त्या वर्षांत मुंबई प्लेगने हैराण होती, आणि प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ला भायखळ्यात स्वतःलाच ती टोचून घेतली होती. प्लेग मात्र जिवाणूचा रोग.

भारतात १९७५नंतर देवीचा रुग्ण सापडला नाही. माझ्या आईच्या दंडावर देवीचे दोन गोल वण आहेत. माझ्या दंडावर एकच, बीसीजीचा. ती क्षयाच्या जिवाणूविरुद्धची लस.