'गिव्ह अप'मधला 'अप' आला कुठून?

'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, तर 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे कसे? क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून बनणारी ही फ्रेझल व्हर्ब शिकताना इथे एकदा तरी अडखळायला होतेच.

जुन्या इंग्रजीत अर्थ फिरवणारा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी जोडलेला असे, आपल्या उपसर्गांसारखा. प्रहार, आहार, संहार, विहार यांत धातू एकच, पण अर्थ चार दिशांना. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' ही त्या जुन्या घडणीची उरलेली रूपे. पुढे हे उपसर्ग झिजत गेले आणि क्रियापदानंतर येणारे 'अप', 'आउट', 'ऑफ' बळावले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत हीच रीत रुळलेली होती. तिचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत वाद आहे.

'गिव्ह अप' मात्र लिखाणात लवकर सापडते. पीटरबरो क्रॉनिकल या इंग्लंडमधल्या मठात लिहिलेल्या बखरीतली ११३७ सालची नोंद सांगते, की स्टीफन राजाने बिशपांना कैदेत टाकले, ते आपले किल्ले 'गिव्ह अप' करेपर्यंत. म्हणजे मूळ अर्थ ताबा देणे. किल्ला सोडला की हार मानली. मग हळूहळू आशा, नोकरी, सिगारेट असे काहीही सोडता येऊ लागले.

१०६६मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच शिरली, आणि पुढे 'एंटर', 'कंटिन्यू' असे शब्द इंग्रजीत आले. 'गो इन', 'गो ऑन' तरीही टिकले. फ्रेझल व्हर्ब म्हणजे 'हलकी' इंग्रजी, हा शिक्का बराचसा या दुफळीतूनच आला असावा. मला तो अन्यायाचा वाटतो. लॅटिन मुळाच्या 'पोस्टपोन'चा शब्दशः अर्थ 'नंतर ठेवणे' एवढाच. 'पुट ऑफ' किंवा आपले 'पुढे ढकलणे' त्याहून कमी कशात?

सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केले, की परक्यांना सर्वात जड जातात ती हीच जोडक्रियापदे. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ'चा अर्थ आहे नक्कल करणे; विमाने यायची होती.

'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्यामानाने ताजे. कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेले हे नाव लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५मध्ये पुस्तकात वापरले. पाचच वर्षांनी सी. के. ऑग्डेन यांनी परक्यांसाठी ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' ही सोपी केलेली इंग्रजी मांडली. तिच्यात क्रियापदे फक्त १८. 'पुट', 'गेट', 'टेक' यांना 'अप', 'ऑफ', 'आउट' जोडून निघणारे अर्थ मात्र त्या ८५०मध्ये मोजलेले नव्हते.