पलीकडे ‘गट’, इकडे ‘संघ’

सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला दिलेली लेक माहेरी आली की म्हणते, “आज गटाची मीटिंग होती.” बेळगाव तालुक्यातली आई म्हणते, “माझीबी संघाची होती.” काम एकच. दहा-वीस बायका ठरलेली बचत पेटीत टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. पण महाराष्ट्रात ‘बचत गट’ रुळला आणि इकडे कर्नाटकात कन्नडमधला ‘स्त्रीशक्ती संघ’ मराठी बायकांच्या तोंडी बसला.

ही कल्पना कुठल्या मंत्रालयात सुचलेली नाही, ती एका फसलेल्या प्रयोगातून निघाली. १९६८ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी कर्नाटकात ‘मायराडा’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिने खेड्यांत काढलेल्या मोठ्या सहकारी संस्था १९८४-८५ च्या सुमारास मोडू लागल्या. काही सभासद कर्ज फेडायला तयार होते, पण त्या संस्थेत नाही. ओळखीच्या, विश्वासाच्या लहान गटात. तिथून हे सुरू झालं. १९८७ मध्ये शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने या गटांसाठी मायराडाला दहा लाखांचं अनुदान दिलं आणि १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. तारण न घेता बँकेने गटाला कर्ज द्यायचं, ही त्यातली खरी नवी गोष्ट. उताऱ्यावर सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं नाव, मग बाईने तारण ठेवायचं तरी काय?

बेळगाव जिल्ह्यात या कथेला वेगळाच धागा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली देवदासी म्हणून सोडण्याची प्रथा सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. ती रोखायला मुंबई प्रांताने १९३४ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने १९८२ मध्ये. पण बंदीनंतर त्या बायकांनी खायचं काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. १९९७ मध्ये घटप्रभेला माजी देवदासींची स्वतःची संस्था उभी राहिली. तिच्या पाठीशी मायराडा होती आणि पाया होता गावोगावच्या बायकांचे संघ. इथल्या सक्षमीकरणावर बोलायचं तर मी आधी घटप्रभेचं नाव घेईन.

मराठी गावांत मात्र संघ आला तो बहुतेक अंगणवाडीतून. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ‘स्त्रीशक्ती’ योजना काढली आणि गट बांधायचं काम अंगणवाडीच्या ताईंवर आलं. पुढे ‘संजीवनी’ ही दुसरी सरकारी योजना आली, धर्मस्थळाच्या देवस्थानाशी जोडलेल्या संस्थेचेही संघ आले. कागदपत्रं कन्नडमध्ये. खानापूरकडच्या बैठकीत बोलणं सगळं मराठीत चालतं, ठराव मात्र कन्नड शाळेत शिकलेली एखादी सून लिहिते. सासू विचारते, “काय लिवलीस, वाचून दाखव.” सून वाचते, मराठीत सांगते, मग सासू मराठीत सही करते. ज्या घरात सुनेचा शब्द शेवटी विचारला जायचा, तिथे हा बदल लहान नाही. अर्थात, वही एकीच्याच हातात राहिली की बाकीच्या अडाणीच राहतात, हेही पाहिलंय.

गेल्या काही वर्षांत या शब्दाचा घोटाळा झालाय. फायनान्सवाले, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या खासगी कंपन्या, पाच-दहा बायका गोळा करून एकमेकींना जामीन ठेवतात, त्यालाही बायका संघच म्हणतात. तिथे बचत नाही, पेटी नाही. फक्त हप्ता आणि दारात उभा वसुलीवाला. जबरदस्तीच्या वसुलीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला. म्हणून आता कुणी “संघाचं कर्ज हाय” म्हणाली, की शेजारीण आधी विचारते, “कुठल्या? पेटीच्या का फायनान्सच्या?”