कार्लाइल इंडियन स्कूलचा १९१२ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी अमेरिकेच्या मूलनिवासी (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या सरकारी निवासी शाळेच्या संघाने २१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर १९१२ या काळात खेळलेला हंगाम. संघाने १४ पैकी १२ सामने जिंकले, एक हरला, एक बरोबरीत सुटला. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दरेषेपलीकडे नेला की टचडाउन.

कार्लाइल खऱ्या अर्थाने कॉलेज नव्हतेच. मुले अर्धा दिवस वर्गात बसत आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शेतीकाम करत. तरीही संघ खेळायचा तो हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया अशा मोठ्या विद्यापीठांशी. रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या लष्करी छावणीत ही शाळा काढली. मुलांमधला ‘इंडियन’ मारा आणि माणूस वाचवा, असे प्रॅटने १८९२ च्या भाषणात उघड सांगितले होते. आलेल्या मुलांचे लांब केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलायला बंदी असे. हंगामाचे कौतुक करताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल, कारण मैदानावर उतरलेला प्रत्येक मुलगा याच व्यवस्थेतून आलेला होता.

प्रशिक्षक होते ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर. कर्णधार जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच क्रीडाप्रकार) आणि डेकॅथलॉन (दहा क्रीडाप्रकार) अशी दोन सुवर्णपदके जिंकली होती. चढाई चालवणारा क्वार्टरबॅक गस वेल्श, शिवाय जो गायन, अलेक्स आर्कासा, पीट कॅलॅक, स्टॅन्सिल पॉवेल असे तगडे साथीदार होते. जमाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. शाळेने लादलेली इंग्रजी हीच त्यांची सामाईक बोली.

त्या वर्षी खेळाचे नियमही बदलले. १० यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले, आणि पुढे फेकलेल्या चेंडूवरची २० यार्डांची मर्यादा उठली. वजनाच्या जोरावर ढकलाढकली करणाऱ्या संघांपेक्षा चपळ संघाला याचा फायदा होणार हे उघड होते, आणि कार्लाइलची मुले अंगाने हलकी पण वेगवान होती. वॉर्नर यांनी ‘डबल विंग’ नावाची रचना वापरली. एरवी मागे उभे राहणारे दोन्ही हाफबॅक पुढे सरकून फळीच्या दोन टोकांशी उभे राहत. चेंडू कोण घेणार, तो फेकला जाणार की घेऊन पळणार, हे बचाव करणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नसे.

सुरुवातीला वेळापत्रक दमछाक करणारे होते: पहिले पाच सामने १५ दिवसांत. ऑल्ब्राइट, लेबनन व्हॅली, डिकिन्सन आणि व्हिलानोव्हा या कॉलेजांना हरवल्यावर वॉशिंग्टन अँड जेफरसनशी सामना ०–० असा सुटला. २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनवर मात, आणि दोनच दिवसांनी कॅनडात टोरांटोला पुढचा सामना! हा सगळा प्रवास रेल्वेचा.

हंगामाचा कळस म्हणजे ९ नोव्हेंबरचा वेस्ट पॉइंटचा सामना. समोर लष्करी अकादमीचे कॅडेट होते. अमेरिकन लष्कराने लकोटा जमातीच्या लोकांना मारले त्या वुंडेड नीच्या हत्याकांडाला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती, त्यामुळे हा सामना नुसता खेळ राहिलाच नव्हता. लष्कराने आधी टचडाउन केला, नंतर मात्र कार्लाइलने त्यांना डोके वर काढू दिले नाही. लष्कराचा कर्णधार लेलँड डेव्होर याला गायनवर केलेल्या धसमुसळ्या हल्ल्याबद्दल मैदानाबाहेर काढले गेले. निकाल २७–६. या विजयाशी थॉर्पचे नाव कायमचे जोडले गेले, आणि त्याचा खेळ तसा होताही. पण त्या दिवशी तीन टचडाउन आर्कासाने केले, हे सांगायला हवे. लष्कराकडून खेळणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण होता. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

थकलेला संघ १६ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून २६–३४ असा हरला. हंगामाचा शेवट मात्र ब्राउनवर ३२–० अशा विजयाने झाला.

दोनच महिन्यांत, जानेवारी १९१३ मध्ये, थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि, ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने, त्याची ऑलिंपिक पदके काढून घेतली गेली. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदवले जायला २०२२ साल उजाडले. कार्लाइलमध्येही असंतोष धुमसत होता. गस वेल्शने पुढाकार घेऊन विद्यार्थ्यांच्या सह्यांचा तक्रारअर्ज पाठवला. १९१४ मध्ये अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीने चौकशी केली. त्यात फुटबॉलच्या कमाईचा विनियोग आणि वॉर्नर यांची खेळाडूंशी वागणूक हे दोन्ही विषय निघाले. अधीक्षकाला जावे लागले आणि १९१४ च्या हंगामानंतर वॉर्नरही पिट्सबर्गला गेले.

शाळा १९१८ मध्ये बंद पडली आणि जागा पुन्हा लष्कराकडे गेली. आवारातील दफनभूमीत शाळेत असताना वारलेल्या १८० हून अधिक मुलांना पुरले होते. २०१७ पासून त्यांतील काहींचे अवशेष त्यांच्या जमाती आणि कुटुंबीय आपापल्या गावी परत नेत आहेत.