धडधाकट माणसाची झोप

पहाटे साडेतीनला मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत बसलं की फलाटावर झोपलेल्यांत दोन तऱ्हा दिसतात. प्रवासी बॅगेवर डोकं टाकून गाढ झोपलेला असतो, कारण घरातलं कोणीतरी शेजारी जागं असतं. दुसरा माणूस बेघर, भिंतीला पाठ लावून, गाठोड्याची दोरी मनगटाला गुंडाळून पडलेला. झाडू जवळ आला की त्याचे डोळे उघडतात, लांब गेला की मिटतात. सकाळी तोच माणूस रिक्षा स्टॉपपाशी पेंगताना दिसला की आपण म्हणतो, "धडधाकट आहे की, काम करायला काय होतंय?"

हे वाक्य मी आमच्या घरातही ऐकलंय. म्हणणारा वाईट नसतो. त्याने स्वतः पोटाला चिमटा काढून दोन खोल्या बांधलेल्या असतात, म्हणून तो विचारतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला शरीराच्याच बाजूने शोधावंसं वाटतं. हातपाय धड असले म्हणजे निर्णय घेणारा मेंदूही धड चालत असतो का?

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो पहाऱ्यावर असतो. बारीकसा वेगळा आवाज झाला तरी माणसाला जागं करतो. लग्नघरी पहिल्या रात्री आपला डोळा लागत नाही तो बऱ्याच अंशी यामुळे. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपवल्यावर हा फरक दिसला नाही. पण ज्याला फलाटावरून उठवतात तो आज इथे, उद्या एसटी स्टँडवर, परवा दर्ग्याच्या बाहेर झोपतो. त्याला कुठलीच जागा ओळखीची होत नाही, आणि माझा तर्क असा की त्याच्या मेंदूतला पहारेकरी कधी सुटीवर जातच नसावा.

अपुऱ्या झोपेने काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हाता-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे फलाटावरच्या त्या माणसाचा मेंदू न पिताच प्यायल्यासारखा चालतो, आणि लांबून बघणाऱ्याला तो प्यायलेलाच वाटतो.

चेन्नईतला एक प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी कमाईची ४५२ माणसं होती. ती रात्री आठ तास आडवी पडत, पण मनगटावरच्या यंत्राने मोजलं तर खरी झोप जेमतेम साडेपाच तासांची, तीही वारंवार मोडणारी. त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, गाद्या वगैरे देऊन रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, पण त्यांच्या कामात फरक पडला नाही. कामाच्या ठिकाणी, निवांत जागी, दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा मात्र काम, लक्ष आणि मन तिन्ही सुधारलं. आणि ही सगळी छप्पर असलेली माणसं होती.

दुसरा पुरावा थेट उसाच्या फडातला आहे. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांना आकृत्यांची कोडी दोनदा सोडवायला दिली, एकदा तोडीच्या आधी, हात तंग असताना, आणि एकदा पैसे आल्यावर. माणूस तोच. आधी सरासरी ४.३५ कोडी सुटली, नंतर ५.४५. कारखान्याची तोड प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळ्या वेळी येते, त्यामुळे हा फरक नुसता ऋतूचा म्हणता येत नाही. टंचाईची काळजी मेंदूतली जागा अडवून बसते आणि उरलेल्या जागेत बाकीचे निर्णय घ्यावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर वाद आहेत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी झाली तेव्हा फरक दिसला नाही. पण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडच्या कोणालाही विचारा. तोड लांबलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, पोरीची फी भरायची राहिलेली. त्या महिन्यात घरातला सर्वात शहाणा माणूस हिशेब चुकतो, बायकोवर खेकसतो, नको तिथून जादा व्याजाने पैसे उचलतो. ऊसबिल खात्यावर जमा झालं की तोच माणूस पुन्हा दहा जणांना सल्ला देऊ लागतो.

बेघराचं ऊसबिल कधीच जमा होत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि सांगलीतल्या हजारो कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावं लागलं. त्या आठवड्यात शाळांच्या वर्गांत, मंगल कार्यालयांत झोपलेल्यांना कोणी "धडधाकट आहात की" म्हटलं नाही. भाकरी आल्या, चादरी आल्या, सरकारने अनुदान दिलं, आणि ते योग्यच होतं. तेव्हा कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहत होतं. आजारपण, दारू पिऊन मारणारा नवरा, बुडालेली मजुरी, बिघडलेलं मन यांचा पूर एकेका घरात येतो आणि पुलावर त्याची खूण उमटत नाही. कारण दिसलं नाही की आपण माणसाच्या स्वभावातच ते शोधू लागतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं.

मग जबाबदारी कोणाची? आधी व्यसन सोड, औषधं घे, शिस्तीत वाग, मग घर मिळेल, अशी पायऱ्यांची रीत जगभर होती. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये ती उलटवली: आधी घराची किल्ली, बाकीचं मागाहून. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या सुमारे दोन हजार बेघरांवर ही रीत तपासली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते, नेहमीची मदत मिळणाऱ्यांपैकी ३१ टक्के. व्यसन आणि आजाराच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. छप्पर म्हणजे औषध नव्हे. आणि या रीतीत जबाबदारी माफ झालेली नाही. भाडेकरू आपल्या उत्पन्नातला साधारण ३० टक्के वाटा भाड्यापोटी देतो, कराराचे नियम पाळतो. फक्त जबाबदारी दाराच्या आत गेल्यावर सुरू होते. मला हा क्रम पटतो.

आपल्याकडचा कायदा मात्र अजून उलट्या क्रमाने चालतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचं साधन न दिसणारा माणूस सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत वावरत असेल, तरी तो भिकारी ठरू शकतो, आणि पहिल्याच खेपेला त्याला एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली बरीच कलमं रद्द केली.

दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय की शहरातल्या दर एक लाख लोकांमागे शंभर जणांचा एक निवारा हवा. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर होती. म्हणजे पाच निवारे. केंद्राच्या बेघर निवारा योजनेत ते चोवीस तास उघडे ठेवायचं ठरलं होतं, आणि हे कलम मला सर्वात मोलाचं वाटतं. रात्रभर मालाच्या गाड्या उतरवून आलेल्या हमालाला सकाळी आठला बाहेर काढलं तर तो झोपायचा कधी? आणि प्रत्येक खाटेखाली कुलूप लागणारी एक पेटी हवी, गाठोडं आत मावेल एवढी मोठी.