वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय आणि मनाच्या आजाराच्या गोळ्याही चालू आहेत?

कोल्हापूर, हुबळी, पुण्याला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून आलेले खानापूर-निपाणीकडचे लोक आमच्या दुकानात औषधं न्यायला येतात. फाईल जाडजूड असते, पण झोपेच्या, नैराश्याच्या गोळ्यांचा उल्लेख तिच्यात नसतो. लाजेपोटी सांगितलेलंच नसतं. कृपा करून सांगा. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असं काही आहे का, बघा. ही गोळी तासन्‌तास हळूहळू विरघळते. बायपास या प्रकारच्या वजनाच्या ऑपरेशनमध्ये (हृदयाचं बायपास नव्हे) आतड्याचा वरचा भाग वगळलेला असतो, त्यामुळे ती पूर्ण लागू पडेलच असं नाही. गिळवत नाही म्हणून कुटून ताकात घालू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. साधी गोळी किंवा पातळ औषध चालेल का, ते आम्ही तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारतो.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांची आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ऑपरेशननंतर पाणी घोटाघोटानं जातं, जेवणातलं मीठ कमी होतं, उलट्या होतात, आणि लिथियम रक्तात साठत जातं. हात जास्त थरथरले, जुलाब लागले, तोल जाऊ लागला, जीभ अडखळली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. निर्जळी एकादशी आता नको, विठोबा समजून घेईल. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही मागू नका: लिथियम वाढतं, शिवाय बायपासच्या जोडाला जखम होते.

लुरासिडोन ही मनाच्या आजारावरची गोळी किमान 350 कॅलरींच्या जेवणासोबत घ्यायची असते. चार चमचे पेजेवर ती नीट लागत नाही, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

कुंदा खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर आली, तर तो घबराटीचा झटकाच असेल असं नाही. गोड भरभर आतड्यात उतरल्यानंही तसं होतं. मनानं गोळी वाढवू नका. वजन उतरलं, बरं वाटतंय म्हणून बंदही करू नका.

झोप उडाली, पुन्हा उदास वाटू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला, तर घरच्यांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत नंबरवर रात्री-अपरात्रीही फोन करा.

दुकानात येताना चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामीसुद्धा.