तोफ, रणगाडा, दुर्बीण: अवजड धूड डोंगर चढतं त्याची पार्श्वभूमी

दसरा उलटला की कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर रात्री उशिरा लो-बेड ट्रेलरांची रांग लागू लागते. ताडपत्रीखाली कधी ट्रान्सफॉर्मर असतो, कधी बॉयलरचा ड्रम, कधी पवनचक्कीचं पातं. पुढे पायलट गाडी, कडेने लाल झेंडे, आणि मालाच्या थेट डोक्यावर बसलेला एक पोरगा. त्याच्या हातात लांब बांबू. रस्त्यावर आडवी आलेली केबल किंवा विजेची तार बांबूने उचलायची, खालून धूड जाऊ द्यायचं, मग हळूच सोडायची. करोडोंचा माल त्या बांबूच्या भरवशावर गाव ओलांडतो.

या धंद्यात अशा मालाला ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो), म्हणजे मापाबाहेरचा माल, म्हणतात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी २.६ मीटर धरली आहे. माल त्याबाहेर गेला की वेगळी परवानगी, वेगळा ट्रेलर, वेगळा वेग. पण ट्रेलरवाल्यांचं खरं माप निराळं असतं. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा कुठली, सगळ्यात कच्चा पूल कुठला आणि सगळ्यात वाईट वळण कुठलं, हे तीन प्रश्न सुटले की बाकी कागद. मुंबईकरांसाठी या तिन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेकदा एकच असतं: घाट.

मुंबईतून पुण्याकडे किंवा नाशिककडे अवजड माल न्यायचा तर बोरघाट नाहीतर थळघाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. आणि सह्याद्रीत डोंगराचं वाईट हवामान म्हणजे पावसाळा. दरडी, निसरडा उतार, हात पुढे केला तर दिसणार नाही असं धुकं. थंडी हा इथला सुगीचा काळ. पहाटेच्या धुक्याचे दोन-तीन तास सोडले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाट शहाण्यासारखा वागतो. ‘हिवाळ्यात डोंगरातून अवजड वाहतूक’ म्हटलं की कळंबोलीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बिलं येतात, बर्फ नंतर. हिमालयात नेमकं उलटं. तिथं याच महिन्यांत खिंडी बंद होतात.

या हंगामाचं जुनं उदाहरण कळंबोलीच्या शेजारच्याच पनवेलचं आहे. नोव्हेंबर १७७८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून होड्यांनी पनवेलला उतरली. पुण्यावर चाल करून रघुनाथरावाला गादीवर बसवायचं, असा बेत. पावसाळा संपलेला, हवा कोरडी, म्हणजे मुहूर्त चुकला नव्हता. पण सोबत तोफा होत्या, आणि बोरघाटात तेव्हा बैलांच्या पाठीवरून माल जाईल एवढीच वाट. तोफा ओढायला आणि सामान वाहायला १९ हजार बैल होते, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ लिहितो. तोफा घाटावर चढल्या खऱ्या, पण वर आल्यावरही हा पसारा दिवसाला मैलभरसुद्धा धड सरकेना. दरम्यान मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड केला. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, आपल्याकडे ज्याला इष्टुर फाकडा म्हणतात तो, मारला गेला. ११ जानेवारी १७७९च्या रात्री माघार ठरली, तेव्हा एवढ्या कष्टाने वर चढवलेल्या अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून देण्यात आल्या. पुढे वडगावचा तह झाला. तो शाळेत सगळे शिकतात, तळ्याचं मात्र कोणी सांगत नाही. मला त्या लढाईतली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच वाटते. माल वाटेपेक्षा मोठा असला की उपाय तीनच: वाट रुंद करा, माल सुटा करा, नाहीतर टाकून द्या.

इंग्रजांनी पुढे पहिला उपाय धरला. १८३०मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. १८६३मध्ये रेल्वे वर चढली, ३७ फुटांना एक फूट अशा चढाने. त्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे नेलं. या चढावर एका इंजिनाचा दम पुरत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लागतात. लोकल-मेलवाल्यांना ती ‘बँकर’ म्हणून ठाऊक आहेत. रस्त्यावरचे ट्रेलरवाले आज तेच करतात. दीड-दोनशे टनांचा ट्रान्सफॉर्मर चढवायचा असेल तर हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरला पुढे एकामागे एक पुलर, म्हणजे ओढणारे ट्रक, जोडतात आणि मागून आणखी एक लावतात. सगळ्या ड्रायव्हरांच्या हातात वॉकीटॉकी. एकाने गिअर आधी टाकला की सगळ्यांना हिसका बसतो.

वाट रुंद करायची म्हणजे काही वेळा जुनं पाडायचं. १८३०च्याच काळातला खंडाळ्याचा अमृतांजन पूल त्याचं ताजं उदाहरण. बामच्या जाहिरातीवरून पडलेलं त्याचं नाव तीन-चार पिढ्यांच्या तोंडी होतं. २००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा नवा रस्ता याच पुलाच्या खांबांमधून काढावा लागला, आणि सहा पदरी रस्त्याला तिथं बाटलीचा गळा तयार झाला. शेवटी एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला. हळहळ अनेकांना वाटली, मलाही. ट्रेलरवाल्यांत मात्र ती कोणी बोलून दाखवल्याचं ऐकलं नाही.

चढापेक्षा उतार वाईट, हे इथला कुठलाही ड्रायव्हर सांगेल. चढताना गाडी फार तर बंद पडते. मागे लाकडी ठोकळे लावले की थांबते. उतरताना मागचं वजन केबिनला ढकलत राहतं. पाय सतत ब्रेकवर राहिला की लायनर तापतात, तापले की धरत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनालाच गाडी धरू द्या, हा जुना धडा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे आजही आहेत, आणि बोरघाटातले कित्येक अपघात त्या वाचवलेल्या लिटरभर डिझेलचे आहेत.

हाच उतार बर्फावर आला की हिशेबच बदलतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त ड्रायव्हर, मूळचे पाटण तालुक्यातले, तरुणपणी श्रीनगर-लेहच्या फेऱ्या करत. ते म्हणाले, “इथं ब्रेक लागत नाही म्हणून गाडी जाते. तिथं ब्रेक लागतो म्हणून जाते.” पुढची चाकं थांबतात, मागचं धूड थांबत नाही, ते कडेने फिरून केबिनच्या बरोबरीला येतं. म्हणून चाकांना साखळ्या बांधायच्या आणि ब्रेकला नुसतं शिवायचं. थंडीची दुसरी तऱ्हा म्हणजे हवेच्या ब्रेकमधलं पाणी. टाकीत साचलेली वाफ रात्री नळीत गोठते आणि सकाळी पॅडल दाबलं तर काहीच होत नाही. त्यामुळे मुक्कामाला पोचलं की जेवणाआधी टाकीचा कॉक उघडून पाणी काढायचं. डिझेलमधलं मेणही थंडीत घट्ट होऊन फिल्टर बुजवतं. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं ते २०१९मध्ये. त्याआधी रॉकेल मिसळा, नाहीतर टाकीखाली जाळ करा, असले उद्योग चालत.

हिमालयात माल सुटा करण्याचा उपाय जास्त चालला, आणि त्याचा सगळ्यात नाट्यमय प्रसंग १९४८चा. काश्मीरमधून लडाखकडे जाणारी झोजी ला खिंड ३,५२८ मीटरवर. पाकिस्तानी घुसखोरांनी ती अडवलेली, पायदळाचे हल्ले फसलेले. जनरल थिमय्यांनी तिथं स्टुअर्ट रणगाडे न्यायचं ठरवलं. वजन पंधरा टनांच्या आसपास, आणि जम्मू-श्रीनगर वाटेवरचे पूल तेवढ्या वजनासाठी बांधलेले नव्हते. मग रणगाड्यांचे बुरूज, म्हणजे वरचे तोफेचे फिरते भाग, उतरवून वेगळे नेले, वर ताडपत्र्या टाकल्या म्हणजे कुणाला कळू नये, आणि एकेक पूल जपत सगळं खिंडीच्या पायथ्याच्या बालटालपर्यंत आणलं. तिथून पुढची खेचरांची वाट लष्कराच्या अभियंत्यांनी, मद्रास सॅपर्सनी, रुंद केली. ऑक्टोबरअखेरीस बर्फ पडल्याने हल्ला लांबला, आणि १ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांचे रणगाडे खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सुटा करणं आणि रुंद करणं, दोन्ही उपाय इथं एकत्र आले.

मुंबईशी जोडलेलं अलीकडचं उदाहरण शांततेचं आहे. लडाखमध्ये हान्ले इथं सुमारे ४,३०० मीटरवर उभी असलेली ‘मेस’ ही गॅमा किरणांची दुर्बीण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. तबकडीचा व्यास २१ मीटर, वजन सुमारे १८० टन. अशी वस्तू अख्खी नेण्याचा विचारसुद्धा कुणी करणार नाही. आधी हैदराबादला ती जुळवून पाहिली, मग खोलली, आणि २०१४मध्ये सुटे भाग लडाखला रवाना झाले. काम करायला वर्षातले थोडेच महिने मिळतात, त्यामुळे उद्घाटनाला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

सगळंच सुटं होत नाही, ही अडचण. २०१९मध्ये नाशिकहून तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्राकडे ७० टनांचा एक ऑटोक्लेव्ह निघाला. साडेसात मीटर उंच, साडेसहा मीटरहून रुंद, आणि दाबाचं भांडं असल्यामुळे कापून जोडण्याची सोय नाही. ७४ चाकांची गाडी, दिवसाला सरासरी पाचेक किलोमीटर, वाटेत झाडं छाटा, तारा उतरवा, त्यात टाळेबंदी. पोचायला सुमारे वर्ष लागलं. वाटेत बर्फ असता तर हे काम हाती घ्यायला कोणी धजावलं असतं का, कोण जाणे.

गेल्या काही वर्षांत हिमालयातही पहिला उपाय जोर धरतोय. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाला, सोनमर्गचा जानेवारी २०२५मध्ये. झोजी लाखालून बोगदा खणणं सुरू झालं. हे सगळं मी त्या पाटणच्या काकांना उत्साहाने सांगत होतो. बर्फ आता आडवा येणार नाही, बारा महिने गाडी जाईल वगैरे. ते ऐकत होते, मग म्हणाले, “ते ठीक. आत उंची किती?”

अटल बोगद्याची साडेपाच मीटर, असं सांगितलं. ट्रेलरची पाटी एक मीटर धरून वर माल किती बसेल, याचा हिशेब ते बोटांवर करू लागले.