हंगामी वसतिगृह

ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना साखर हंगामापुरते गावातच ठेवून त्यांची शाळा चालू राहावी, यासाठी सरकारी निधीतून केली जाणारी सोय. मराठवाड्यात तिचा विस्तार सर्वाधिक बीड जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या टोळ्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ असा मजुरीचा हिशेब धरला जातो. दोघेही फडात म्हणजे ऊसतोडीच्या शेतात जाणार म्हटल्यावर मागे मुलांना सांभाळायला उरतात ते आजी-आजोबाच.

नाव वसतिगृह असले तरी बहुतेक गावांत वेगळी इमारत नसते. मुले रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात. सरकारी पैशातून त्यांना सकाळचा नाश्ता व संध्याकाळचे जेवण मिळते. दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून होते. स्वयंपाकाला गावातलीच एखादी बाई असते. शाळा सुटल्यावर मुले घरून ताटे घेऊन येतात, व्हरांड्यात पंगत बसते आणि पोटभर जेवूनच घरी जातात. थकलेल्या आजीला दोन वेळची चूल पेटवावी लागत नाही, म्हणूनच ती नातवंडांना ठेवून घ्यायला तयार होते. योजनेचे खरे बळ या ताटात आहे.

खर्चाचा आधार शिक्षण हक्क कायदा, 2009 आणि समग्र शिक्षा अभियान हा आहे. अभियानात केंद्राचा वाटा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के असतो. पैसा राज्याच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडून जिल्हा परिषदेकडे आणि तिथून शाळा व्यवस्थापन समितीकडे येतो. दुखणे या वाटेतच आहे. टोळ्या ठरलेल्या वेळी गाव सोडतात, मंजुरी मात्र अनेकदा मागाहून येते. तोवर मुख्याध्यापकांनी किराणा उधारीवर आणायचा, नाहीतर मुलांनी आईबापांबरोबर गाडीत बसायचे. एकदा फडावर गेलेले मूल हंगामाच्या मध्यात क्वचितच परत येते, त्यामुळे डिसेंबरात आलेला पैसा ऑक्टोबरातल्या मुलाच्या कामी येत नाही. हजेरीतल्या गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे तपासणी कडक झाली, ते योग्यच झाले. पण वेळेवर पैसा देणे हीसुद्धा तितकीच मोठी जबाबदारी आहे.

दुसरी उणीव वयाची. शिक्षण हक्काचा कायदा 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांचा आहे. तीन-चार वर्षांचे भावंड या हिशेबात बसत नाही. ते आईबरोबर जाते आणि त्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीणही जाते. पटावर नाव असून शाळा सुटते ती बहुधा या मुलीची. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे. दोन्हींचा निधी एका गावात एकत्र खर्च करायची पद्धत नाही, आणि ती लागायला हवी.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये द्यायचे व सरकारने तेवढीच भर घालायची, अशी त्याची रचना आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा वाटा 50 लाख रुपये होतो. श्रमावर चालणाऱ्या उद्योगाने श्रमिकाच्या मुलांसाठी पैसा द्यावा, हे तत्त्व मोलाचे आहे. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मात्र खऱ्या निवासी सोयीची आहे. तिच्यात 41 तालुक्यांत मुलांची व मुलींची मिळून 82 वसतिगृहे ठरली. 2021 मध्ये पहिल्या टप्प्यासाठी दहा तालुके निवडले गेले: बीड जिल्ह्यातले सहा, जालन्यातले अंबड व घनसावंगी, शेजारच्या अहिल्यानगरमधले पाथर्डी व जामखेड.

देणग्यांवर चालणारे कामही मोठे आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या ‘शांतिवन’ने ऊसतोड मजुरांच्या मुलांना वर्षभर निवास व शिक्षण दिले आहे. अशा संस्थांना कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा आधार मिळू शकतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. पण कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य देतो. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींच्या आसपास पैसा पोचणे सोपे आणि कारखानदारी नसलेल्या डोंगरी तालुक्यांत अवघड. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला पैसा पुढे देणे बंद झाले, तीही वाट मिटली.

जी मुले जातातच, त्यांच्यासाठी कारखान्याच्या आवारात वा मजुरांच्या मुक्कामाच्या तळावर साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) ‘जनार्थ’ संस्थेने त्या पश्चिम महाराष्ट्रात चालवल्या. पुढे मुलांना ज्या गावी जातील तिथल्या नियमित शाळेत बसवण्यावर सरकारने भर दिला. त्यासाठी मूळ शाळा शिक्षण हमी पत्रक देते. ते दाखवल्यावर नव्या शाळेने मुलाला दाखल करून घ्यायचे असते; मात्र तळ शाळेपासून लांब असेल, तर रोजच्या ने-आणीचा खर्च कोणी करायचा, हे त्या पत्रकाने सुटत नाही.